आधी चूक बघा, सिद्धांत मागाहून येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात डिचोलीकडच्या एका शाळेत दोन वर्षं शिकवलंत आणि आता कळंगुटच्या बाजूच्या एका हॉटेलात ट्रेनिंग विभागात लागलात. ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायच्या आत हाउसकीपिंगच्या नव्या माणसांसाठी दोन तासांचा ऑनलाइन कोर्स तयार करून द्यायचा आहे. बी.एड.ला थॉर्नडाइकपासून व्हिगॉट्स्कीपर्यंत सगळे लिहून झाले, पण कोऱ्या स्लाइडसमोर बसल्यावर त्यातलं एकही नाव मदतीला येत नाही. त्यात साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, ‘तुमचा अप्रोच कुठला? बिहेविअरिस्ट की कन्स्ट्रक्टिव्हिस्ट?’ (म्हणजे सराव नि बक्षिसानं सवय लावणारा, की शिकणाऱ्याला स्वतः अर्थ जुळवू देणारा?) त्यांना काय सांगू, आणि एखादा सिद्धांत धरून चालावं का, असं तुम्ही विचारलंय.

साहेबांचं शेवटी बघू. मी नऊ वर्षं सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत होते, आणि त्यानंतरची सतरा वर्षं कारखान्यांसाठी नि हॉटेलांसाठी कोर्स तयार करतेय. तुमच्यासारखीच मीही सुरुवातीला सिद्धांत म्हणजे पक्ष समजत होते. एकाचं तिकीट घेतलं की दुसऱ्याच्या सभेला जायचं नाही. (गोव्यात राहून असं समजणं म्हणजे भोळेपणाच म्हणायचा.) आता मी ते वेगळ्या तऱ्हेनं वापरते. शिकणारा माणूस अडखळतो त्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि प्रत्येक सिद्धांताला त्यातलं एखादंच कारण नीट समजावून सांगता येतं. म्हणून मी आधी चूक कुठे होते ते बघते. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, एका काचेनं शिकवलं.

माझं पहिलं मोठं काम वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यासाठी होतं. विषय गाऊनिंग, म्हणजे निर्जंतुक विभागात शिरण्याआधी कपडे कसे बदलायचे. एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, चौदा पानांची, इंग्रजीत. मी तिच्या बेचाळीस स्लाइड्स केल्या. प्रत्येक स्लाइडवर मजकूर, तोच मजकूर वाचून दाखवणारा आवाज, कोपऱ्यात लोगो, शेवटी दहा प्रश्न. सगळे पास झाले, ट्रेनिंग रेकॉर्डवर सह्या झाल्या, मला चहा-बिस्किटं मिळाली. पंधरवड्यानं क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, एका बाईंनी मला चेंज रूमच्या काचेबाहेर उभं केलं आणि म्हणाल्या, ‘बघा तुमची मुलं.’

आत एकच मुलगा होता. पेपरात दहापैकी दहा मिळालेला. त्यानं कव्हरॉल, म्हणजे अंगभर घालायचा एकसंध पोशाख, उलगडला आणि एक बाही सरळ जमिनीवर लोळली. मग मधल्या बेंचवर बसून त्यानं एक पाय पलीकडे टाकला, बुटावरचं कव्हर नीट बसलं नाही म्हणून तोच पाय पुन्हा अलीकडे आणून टेकवला, आणि परत पलीकडे नेला. शेवटी ग्लव्ह्ज घातले, आणि ग्लव्ह्ज घातलेल्या बोटानं नाकावर घसरलेला मास्क वर सरकवला. तीन मिनिटांत तीन चुका.

तो बाहेर आल्यावर मी त्याच्याशी बोलले. रागावून नाही, मला खरंच कळत नव्हतं. बाहीबद्दल तो म्हणाला, ‘कळलंच नाही मॅडम, एवढा मोठा असतो तो, धरायचा कुठून?’ बेंचबद्दल म्हणाला, ‘बाकडंच ना ते, बसून बूट घालायला?’ आणि मास्कचं नाव काढताच जीभ चावली: ‘हात लावायचा नसतो, माहितीय मला.’

ही तीन उत्तरं मी त्या रात्री वहीत लिहून ठेवली, आणि आजही नवीन काम घेताना ती वही आठवते. पहिल्या चुकीत ज्ञान होतं, पण हाताला सवय नव्हती. माझ्या बेचाळीस स्लाइड्समध्ये कव्हरॉल एकदाही कोणाच्या हातात आला नव्हता. दुसरीत डोक्यात आधीच एक पक्की कल्पना बसलेली होती. बाकडं बसण्यासाठी असतं. ते बाकडं म्हणजे अस्वच्छ आणि स्वच्छ बाजूंमधली सीमा आहे, हे मी एका ओळीत सांगितलं होतं खरं, पण सांगितल्यानं जुनी कल्पना हलत नाही. मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे आयुष्यभर हेच सांगत होता: माणूस नवी गोष्ट आधी जुन्या चौकटीत बसवून बघतो, आणि चौकट मोडल्याशिवाय बदलत नाही. तिसऱ्या चुकीत माहीतही होतं आणि हातही सराईत होता, पण सवय जिंकली. कारण मास्कला हात लावल्यावर काहीच होत नाही. जंतू दिसत नाहीत, कोणी ओरडत नाही, घसरलेला मास्क मात्र लगेच वर जातो. म्हणजे चुकीच्या कृतीलाच बक्षीस मिळतं. हा शुद्ध स्किनर, कृतीला मिळणाऱ्या परिणामातून सवय घडते असं सांगणारा मानसशास्त्रज्ञ.

स्किनरची एक गोष्ट बी.एड.ला सांगत नाहीत, खरं म्हणजे तीच सांगायला हवी. 1953 साली तो आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात पाठीमागे जाऊन बसला होता. मुलं उदाहरणं सोडवत होती, बाई फिरत होत्या, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हतं. वह्या तपासून मिळणार दुसऱ्या दिवशी. प्रयोगशाळेत कबुतरांना शिकवताना आपण हे एक क्षणही चालवून घेणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यातून त्याची शिकवण्याची यंत्रं निघाली. यंत्रं पुढे अडगळीत गेली. पण कृती आणि तिचा परिणाम यांच्यात जितकं अंतर पडेल तितकं शिकणं मंदावतं, ही गोष्ट अडगळीत गेलेली नाही.

मग आम्ही काय केलं? बेंचच्या अलीकडच्या जमिनीवर यूव्ही दिव्याखाली चमकणारी पावडर टाकली आणि थोडी मास्कवरही लावली. मुलांना नेहमीसारखं गाऊनिंग करायला सांगितलं आणि मग दिवे घालवले. पलीकडच्या ‘स्वच्छ’ फरशीवर हिरवट ठसे, ग्लव्ह्जच्या टोकांवर हिरवट ठिपके, एकाच्या कपाळावरसुद्धा. हशा पिकला, आणि तो पिकायलाच हवा होता. बाकडं म्हणजे काय, हे त्या मिनिटात कळलं. कव्हरॉलसाठी एक दीड मिनिटाचा व्हिडिओ केला, घालणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसेल असा: बाह्या कशा गोळा करायच्या, कमरेशी कसं धरायचं. मग जोडीजोडीनं पाच-पाच वेळा सराव. बेचाळीस स्लाइड्समधल्या सहा उरल्या. त्या कोर्सला ‘अप्रोच’ कुठला म्हणाल? मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

ही वाट मी शोधली असं समजू नका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गॅग्ने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाच्या प्रशिक्षणाचं काम करत होता, आणि 1965 च्या पुस्तकात त्यानं मांडलं की शिकण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाला लागणारी परिस्थिती वेगळी आहे. पाठांतर, नियम लावणं, हाताचं कौशल्य, वृत्ती: एकाला जे खतपाणी लागतं ते दुसऱ्याला चालत नाही. आपल्याकडे त्याच्या पायऱ्यांची यादी पाठ करून घेतात आणि हे मूळ वाक्य राहून जातं. कुळागरात, म्हणजे आपल्या सुपारीच्या बागेत, सुपारीला, केळीला आणि मिरीवेलीला एकाच मापानं पाणी घालत नाहीत, एवढंच ते आहे.

आता तुमच्या कोर्सकडे येते. तुम्ही पाठवलेल्या मुद्द्यांत बेड मेकिंग, केमिकल्स आणि पाहुण्यांशी वागणं हे तिन्ही एकाच साच्यात घातलंय: उद्दिष्ट, माहिती, चित्र, प्रश्न. पाठटाचणाची सवय लागते तशी ही. तिन्हींमध्ये चूक वेगळ्या जागी होते.

बेडचं सोपं आहे, तिथून सुरू करा. चादरीचा कोपरा दुमडणं ही हाताची गोष्ट, आणि नव्या माणसाला ती ‘स्वतः शोधून काढायला’ लावण्यात काही अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि त्याचे सहकारी 1980 च्या दशकात बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर काम करत होते. त्यांना आढळलं की नवशिक्याला नुसती उदाहरणं सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर तो कमी वेळात जास्त शिकतो. उत्तर शोधण्याच्या धडपडीतच त्याचं सगळं डोकं खर्च होतं, आणि शिकायला काही उरत नाही. म्हणून आधी पूर्ण करून दाखवा. मग तीन कोपरे केलेला बेड द्या, चौथा त्याला करू दे. मग दोन केलेला. मग कोरा. व्हिडिओ हवाच असेल तर मिनिटभराचा, आणि कॅमेरा खांद्यावरून. समोरून काढलेल्या व्हिडिओत डावं-उजवं उलटं होतं आणि माणूस तेवढ्यातच गोंधळतो.

पण इथे एक मेख आहे. सीझनला येणाऱ्यांतले बरेचजण गेल्या वर्षीचेच असतात. त्यांना हाच पायरी-पायरीचा धडा दिलात तर ते कंटाळतील एवढंच नाही, त्यांचं काम थोडं बिघडूही शकतं. नवख्याला जो आधार लागतो तोच सराईताला अडथळा होतो, असं स्वेलरच्याच सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलं. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक बेड करायला लावा, बघा, आणि ज्याला जमतंय त्याला तो भाग सोडू द्या. जुन्या माणसांचा तुमच्यावर लगेच जीव जडेल.

केमिकल्सकडे मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे माणसं जखमी होतात.

पॅन्ट्रीत जाऊन ट्रॉली बघा. आर-वन, आर-टू, आर-थ्री अशा बाटल्या रांगेत. कुठली बाथरूमला, कुठली आरशाला, कुठली कमोडला; कुठली किती पाण्यात; कमोडचा कपडा कुठल्या रंगाचा, बेसिनचा कुठल्या. लेबलं इंग्रजीत. आणि समोर उभा राहणारा मुलगा ओडिशाचा, झारखंडचा किंवा पेडण्याचा, इंग्रजी अक्षरं जुळवत वाचणारा. माणूस एका वेळी किती गोष्टी डोक्यात धरू शकतो यावरचा जॉर्ज मिलरचा सात अधिक-उणे दोनचा 1956 चा लेख तुम्ही वाचला असाल. नंतरच्या संशोधनानं तो आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. तुमची एक स्लाइड त्या मुलाकडे एका वेळी आठ-नऊ गोष्टी मागतेय, तीही परक्या भाषेत. तो नापास होणार नाही, हे लक्षात घ्या. तो शेजाऱ्याचं बघून बरोबर उत्तरावर टिचकी मारेल. चूक पॅन्ट्रीत होईल.

माझा इथला नियम असा की जे ट्रॉलीवर चिकटवता येतं ते डोक्यात कोंबायचं नाही. बाटलीचा फोटो, शेजारी कमोडचा किंवा आरशाचा फोटो, कपड्याचा रंग. लॅमिनेट करा आणि ट्रॉलीच्या आतल्या बाजूला लावा, पाहुण्यांना दिसायला नको. झालं, अर्धा कोर्स कमी झाला. तुमच्या स्लाइडवरचा मजकूर आणि तोच मजकूर वाचणारा आवाज यांतलं एक काढा. चित्र आणि आवाज ठेवा. रिचर्ड मेयरचे या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत: कान आणि डोळे दोघांना एकच वाक्य दिलं की डोळे वाचत बसतात आणि चित्र सुटतं. याला अपवाद परक्या भाषेत ऐकणाऱ्याचा. त्याला महत्त्वाचे दोन-चार शब्द लिहिलेले दिसले तर मदत होते. म्हणून शब्द ठेवा, वाक्यं काढा.

एकच गोष्ट मात्र चिकटवून भागत नाही, ती डोक्यात असावीच लागते. ब्लीच आणि कमोडचं अ‍ॅसिड एकत्र करायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो फार वाईट. आता ही चूक का होते? नियम माहीत नसतो म्हणून होत असेल तर लाल अक्षरांत लिहून भागेल. माझा अनुभव वेगळा आहे. मी एकदा पंधराजणांना फळ्यासमोर बसवून विचारलं, ‘घरी संडास फारच घाण झाला तर काय करता?’ उत्तरं आली: फिनाईल ओतायचं, मग अ‍ॅसिड, मग जरा ब्लीच; एक काकी म्हणाल्या, ‘सगळं थोडं थोडं.’ दोन औषधं एकापेक्षा चांगली, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि घरच्या अनुभवातून पक्का झालेला. तुमचा लाल नियम त्या सिद्धांतावर आदळून परत येणार.

म्हणून आधी विचारा. सगळ्यांना अंदाज बांधू द्या: मिसळलं तर जास्त स्वच्छ होईल, तेवढंच होईल, की काही वेगळं होईल? हात वर करून बाजू घेऊ द्या. मग सांगा की ब्लीचमधला क्लोरीन अ‍ॅसिड पडताच वायू होऊन बाहेर पडतो, म्हणजे सफाई करणारं औषध बादलीत उरत नाही, तुमच्या छातीत जातं. चुकीचा अंदाज बांधलेल्याला हे जास्त लक्षात राहतं. ज्ञानरचनावाद (साहेबांचं ते कन्स्ट्रक्टिव्हिस्ट) म्हणजे गटात बसून तक्ते रंगवणं असा जो आपल्याकडे अर्थ झालाय, त्यापेक्षा मला हे त्याच्या जवळचं वाटतं. आणि कृपा करून प्रात्यक्षिक दाखवायला जाऊ नका. एका उत्साही प्रशिक्षकानं ते केलेलं मी ऐकलंय.

आता पाहुणा. समजा पाहुणी बाई सांगते, ‘माझी चेन सापडत नाही, तुम्हीच खोली साफ केली ना?’ चांगल्या घरचा मुलगा काय करतो? ‘थांबा मॅडम, शोधून देतो’ म्हणत ड्रॉवर उघडतो. तिथेच फसला. कशालाही हात न लावता सुपरवायझरला बोलवायचं असतं. इथे नियम माहीत असून चालत नाही, कारण तो क्षण नियमासारखा दिसत नाही. मदत करण्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी मी गोष्टी वापरते. पाच-सहा छोटे प्रसंग, प्रत्येकात दोन वाटा, निवडलेल्या वाटेवर पुढे काय होतं ते दाखवायचं. पण त्याहून जास्त भरवसा माझा फ्लोअर सुपरवायझरवर असतो. अल्बर्ट बँड्युराचा 1961 चा तो बाहुलीचा प्रयोग तुम्हाला आठवत असेल, मोठ्या माणसानं बाहुलीला बडवलं की मुलंही बडवतात. तुमच्या स्लाइडवर नमस्कार करणारी हसरी बाई असू दे, मजल्यावरची सुपरवायझर पाहुण्यांमागे डोळे फिरवत असेल तर नवी मुलं डोळे फिरवायलाच शिकणार. कोर्सचे पहिले दोन तास सुपरवायझरांना द्यावेत असं मी प्रत्येक हॉटेलला सांगते. आजवर तीनांनी ऐकलंय.

थोडं आडवाटेला जाते. आमच्या वाड्यावर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट-आरत्या चालतात, रात्री उशिरापर्यंत. घुमट म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य. माझा भाचा पाच-सहा वर्षांचा असताना त्याच्या हातात कासाळे, म्हणजे झांजा, दिले गेले. कोणी शिकवलं नाही. तो आजोबांच्या मांडीला टेकून बसला आणि वाजवू लागला. ठेका चुकला की शेजारचा काका स्वतःचे कासाळे जरा जोरात वाजवी, एवढीच दुरुस्ती. पुढच्या वर्षी आरतीचं धृपद पाठ झालं होतं. मग शामेळाजवळ, म्हणजे सोबतीच्या तालवाद्याजवळ, बसायला लागला. घुमट हातात आलं तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता, आणि उजव्या हाताची थाप नि डाव्या हातानं तोंड झाकून-उघडून काढायचा तो घुमारा त्याच्या कानात आधीच मुरलेला होता. आता तोच लहानग्यांना कासाळे देतो.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये नेमकं हेच मांडलं, पण त्यांचं एक उदाहरण लायबेरियातल्या शिंप्यांचं. तिथले उमेदवार कपडा बेतण्यापासून सुरुवात करत नाहीत. आधी बटणं, काजं, टीप, इस्त्री. म्हणजे तयार कपड्याची शेवटची कामं. मग शिलाई, आणि सगळ्यात शेवटी कापणं. त्यामुळे कापायची वेळ येते तोवर तयार कपडा कसा दिसतो हे पोरगं शंभरदा बघून झालेलं असतं, आणि बटण चुकलं तर नुकसानही बटणाएवढंच.

हॉटेलात आपण बरोब्बर उलटं करतो. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात कमोडचा ब्रश. मला हे शिकवण्याच्या दृष्टीनं चुकीचं वाटतं, माणुसकीच्या दृष्टीनं तर वाटतंच. त्याला पहिले दोन दिवस तयार होत आलेल्या खोल्यांत सोडा: टॉवेल लावणं, पाण्याच्या बाटल्या, साबण, शेवटची नजर. तयार खोली म्हणजे काय हे डोळ्यांत बसलं की बाकीची कामं त्या चित्राकडे नेणारी होतात. एका ठिकाणी हे करून बघितलं तर जुनी माणसं कुरकुरली, ‘आम्ही काय घाण काढायचीच का?’ मग आम्ही सगळ्यांच्या पाळ्या लावल्या. सिद्धांत मजल्यावर उतरतो तेव्हा रोस्टरही बदलावं लागतं, याचा उल्लेख पुस्तकांत सापडत नाही.

विसरण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या कोर्सची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. सप्टेंबरात दोन तास, आणि खरी कसोटी नाताळ ते नवीन वर्षाच्या आठवड्यात. एबिंगहाउसनं 1885 मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरांचे प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं. त्यावरचा उपाय पुन्हा वाचणं हा नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमचा कोर्स संपताच जो क्विझ येतो तो त्या पाच मिनिटांचा निकाल सांगतो, आणि साहेब तोच ग्राफ पुढे पाठवतात.

तेव्हा दोन तासांतला पाऊण तास काढून घ्या आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळच्या ब्रीफिंगमध्ये वाटा. आठवड्यातून दोनदा, एक प्रश्न, तीन मिनिटं. ‘काल ज्याला चेकआउट रूम (पाहुणा सोडून गेलेली खोली) होती त्यानं सांगा, बादलीत आधी काय ओतलंत?’ न बघता, तोंडी. मार्क नकोत.

सरावाची जागाही बघा. 1975 मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द काठावर आणि काही पाण्याखाली पाठ करायला लावले. जे जिथे पाठ केलं ते तिथेच जास्त आठवलं. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं मोठ्या चवीनं सांगत आले, समुद्राकाठच्या लोकांना तर फारच आवडते. 2021 मध्ये कोणीतरी तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना तसा फरक मिळाला नाही. त्यामुळे हल्ली त्या प्रयोगाच्या भरवशावर काही ठरवत नाही. पॅन्ट्रीत शिकवा असं अजूनही म्हणते, पण साध्या कारणासाठी: बाटल्या तिथे आहेत.

दोन गोष्टी तुमच्या मसुद्यातून काढून टाका. ‘दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अध्ययनशैली’ असलेल्यांसाठी तीन वेगळे मार्ग तुम्ही आखलेत. त्या त्या शैलीनुसार शिकवलं की जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये सगळे अभ्यास तपासून लिहिलं. बेड सगळ्यांनाच हातानं करायचाय. आणि ते ‘वाचलेलं दहा टक्के, ऐकलेलं वीस टक्के लक्षात राहतं’ वालं चित्र. एडगर डेलच्या 1946 च्या शंकूत एकही आकडा नव्हता; ते टक्के कोणीतरी मागाहून चिकटवले. ट्रेनिंगच्या धंद्यात ते देवळातल्या प्रसादासारखे वाटले जातात.

व्हिगॉट्स्की राहिला, कारण तो तुम्हाला सगळ्यांत चांगला पाठ आहे असं दिसतं. जाणत्याच्या आधारानं शिकणारा एकट्याच्या ताकदीपेक्षा पुढचं करू शकतो, हे त्याचं म्हणणं. फक्त एवढंच: असा आधार देण्याला बांधकामाच्या परांचीची उपमा 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी दिली, आणि परांची काढण्यासाठीच बांधलेली असते. तुमच्या मसुद्यात प्रत्येक पानावर ‘मदत’ बटण आहे, शेवटच्या पानावरसुद्धा. कुठल्या पानापासून ते नाहीसं करायचं, ते ठरवा.

आणि साहेब. त्यांना अप्रोचचं नाव सांगू नका, तीन दिवस मागा. एक दिवस कुठल्याही मजल्यावर जुन्या अटेंडंटबरोबर ट्रॉली ढकलायला, दोन दिवस नव्या मुलांच्या चुका लिहून काढायला. वहीत प्रत्येक चुकीसमोर एक रकाना ठेवा: हाताला येत नाही, भलतंच समजलंय, माहितीय पण सवय नाही, एका वेळी फार झालं, किंवा बाकीचे तसंच करतात. रकाने भरले की कुठल्या भागाला व्हिडिओ, कुठल्याला प्रश्न, कुठल्याला लॅमिनेट केलेला कागद आणि कुठल्याला सुपरवायझरशी बोलणं, हे आपोआप दिसायला लागतं. साहेबांनी तरीही नाव विचारलंच तर ‘ब्लेंडेड’, म्हणजे मिश्र, म्हणा. तो शब्द त्यांना आवडतो, आणि खोटाही नाही.